नाकपुडीखालची गाठ, नेझोलेबियल सिस्ट: शस्त्रक्रियेबाबत मदत हवी आहे

माझ्या ४६ वर्षांच्या बहिणीच्या डाव्या नाकपुडीच्या बुडाशी गेले आठ महिने मऊ, न दुखणारी गाठ आहे. तिच्यामुळे नाकपुडी किंचित वर उचलली गेली असून नाकापासून ओठाकडे उतरणारी घडी त्या बाजूला जवळजवळ पुसली गेली आहे. आधी दाताचे गळू समजून रूट कॅनालपर्यंत वेळ आली होती, पण तपासल्यावर सर्व दात जिवंत (म्हणजे आतली नस शाबूत) निघाले, म्हणजे ते दाताचे गळू नव्हते. (ही तपासणी आधीच व्हायला हवी होती.) सीटी स्कॅनमध्ये गाठ हाडाच्या बाहेर, मऊ ऊतींत दिसली आणि नेझोलेबियल सिस्टचे निदान झाले.

एक सर्जन वरच्या ओठाच्या आतून छेद घेऊन गाठ आवरणासकट काढावी म्हणतात, तर दुसरे नाकातून दुर्बिणीने गाठीचे तोंड नाकाच्या तळाशी कायमचे उघडे करावे म्हणतात. पहिल्या पद्धतीत संपूर्ण आवरण बायोप्सीला मिळते, परंतु ते नाकाच्या अस्तराला चिकटलेले असल्यास अस्तर फाटू शकते आणि ओठ-हिरडी काही काळ बधिर राहू शकते. दुसरी कमी त्रासाची असली, तरी ते तोंड बुजल्यास गाठ पुन्हा भरेल, अशी धास्ती वाटते. ज्यांनी यांपैकी कोणतीही शस्त्रक्रिया करून घेतली किंवा केली आहे, त्यांनी बधिरपणा किती दिवस टिकला आणि गाठ परत आली का, हे कृपया कळवावे.