पुतळा, आकृती की ठसा?

प्रश्न : पुण्यातील कलाविद्यार्थ्यांच्या एका वाचनगटासाठी मी ब्रिटिश शिल्पकार अँटनी गॉर्मली यांच्यावर टिपण लिहीत आहे. इंग्लंडमधील क्रॉस्बीच्या किनाऱ्यावर समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या त्यांच्या १०० ओतीव लोखंडी शिल्पांना मी ‘पुतळे’ म्हटले, त्याला एका सदस्याने हरकत घेतली. बोलताना आम्ही सरळ ‘फिगर’ म्हणतो. लेखी मराठीत काय लिहावे?

प्रतिसाद १ : हरकत योग्य वाटते. ‘पुतळा’ म्हटले की ‘कोणाचा?’ हा प्रश्न पाठोपाठ येतोच. शिवाजीनगर येथील अश्वारूढ पुतळा नानासाहेब करमरकरांनी घडवला आणि तो १९२८ मध्ये उभा राहिला, हे ज्याला ठाऊक नाही त्यालाही तो कोणाचा आहे हे सांगावे लागत नाही. ‘मूर्ती’लाही ही षष्ठी विभक्ती (‘कोणाची?’) लागते, शिवाय मूर्तीची प्राणप्रतिष्ठा होते आणि पुतळ्याचे अनावरण. (निषेधासाठी पुतळाच जाळतात, हेही ध्यानात घ्यावे.) ‘आकृती’ या शब्दाला मात्र मालक लागत नाही.

प्रतिसाद २ : परंतु क्रॉस्बीची शिल्पे गॉर्मली यांच्याच शरीरावरून घेतलेल्या १७ साच्यांतून ओतलेली आहेत. ‘कोणाचा?’ या प्रश्नाचे उत्तर येथे आहेच की!

प्रतिसाद १ : उत्तर आहे, पण शिल्पकाराला त्या उत्तरात रस नाही. अंगावर प्लास्टर चढवून घेऊन ते निश्चल उभे राहिले, ते स्वतःची छबी घडवण्यासाठी नव्हे, तर त्या वेळी शरीराने जेवढी जागा व्यापली होती तेवढी जागा धरून ठेवण्यासाठी. म्हणूनच नाकडोळे पुसट राहिले तरी त्यांचे काही बिघडत नाही. याला आपल्याकडे ‘ठसा’ हा नेमका शब्द आहे, कारण अंगठ्याचा ठसा एकाच माणसाचा असला, तरी त्यावरून त्याचा चेहरा कोणी ओळखत नाही. ठसा सपाट वाटतो, ही अडचण खरी. तेव्हा एकदा ‘देहठसा’ असे लिहून पुढे ‘आकृती’ वापरावी. १९८०च्या दशकातील त्यांच्या शिशाच्या पोकळ शिल्पांना मात्र मी ‘खोळ’ म्हणेन.

प्रश्नकर्ता : क्रॉस्बीचे लोक त्यांना ‘लोखंडी माणसे’ म्हणतात.

प्रतिसाद २ : मग क्रियापदही बदला. पुतळे ‘उभारले’ जातात. ही माणसे भरतीच्या पाण्यात ‘उभी राहतात’.