मदत हवी आहे: उंची कमी केलेल्या स्विफ्टमध्ये रुंद टायर घासतात
नमस्कार. माझ्या स्विफ्टची उंची स्प्रिंग बदलून 35 मिलिमीटरने कमी केल्यावर मी दुकानदाराच्या भरवशावर मूळच्या 185/65 आर15 (रुंदी 185 मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या 65 टक्के, रिम 15 इंची) ऐवजी 205/60 आर15 टायर घेतले. हिशेबाने चाकाचा व्यास जेमतेम साडेपाच मिलिमीटरने वाढतो, त्यामुळे खरी अडचण रुंदीची असावी: स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर पुढचे टायर आतल्या प्लॅस्टिकच्या अस्तराला घासतात, आणि मागे तिघे बसलेले असले की गतिरोधकावर मागचे टायर मडगार्डच्या आत वळलेल्या कडेला लागतात. ती कड दाबून घेतल्यास रंग तडकून पावसाळ्यात गंज धरेल का, की रिमचा ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसते ते माप) बदलणे अथवा सरळ 195/60 वर येणे योग्य ठरेल? (स्पेसर, म्हणजे चाकामागे बसवायच्या चकत्या, नकोत; त्यांनी चाक आणखी बाहेर येईल.) स्वतः हे काम केलेल्यांनी कृपया मापांसह सांगावे.