मदत हवी आहे: चॅटजीपीटीने सोडवलेल्या बीमच्या असाइनमेंटला गुण कसे द्यायचे?

नमस्कार मंडळी. नागपुरात हिंगणा रोडवरच्या एका कॉलेजात सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आरसीसी (सळई घातलेलं काँक्रीट) शिकवतो. वर्गात ५८ पोरं.

मागच्या आठवड्यात बीमची (तुळईची) असाइनमेंट दिली. काँक्रीट एम २० ग्रेडचं, सळई एफई ५०० ग्रेडची. तपासायला बसलो तर २३ जणांची चूक एकच: लिमिटिंग मोमेंटला (बीम जास्तीत जास्त किती वाकवणारा जोर घेईल, त्याला) ०.१३८ गुणांक. तो एफई ४१५ चा. आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) प्रमाणे एफई ५०० ला ०.१३३ येतो. म्हणजे बीमची ताकद पावणेचार टक्के फुगली, तीही धोक्याच्या बाजूला. एकाला विचारलं तर म्हणे, "सर, मी कुठं चुकलो? त्यानंच काढून देलं न!" (हसू आलं. सीनियरच्या फायली आम्हीही उतरवल्या, पण तेव्हा निदान हात तरी दुखायचा.)

एचओडी (विभागप्रमुख) म्हणतात, डिटेक्टर (एआयने लिहिलेलं ओळखणारं टूल) लावा. लावला. माझ्यासमोर लॅबमध्ये बसून एका मुलीने लिहिलेला रिपोर्ट त्याने एआयचा ठरवला. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचा डिटेक्टर अचूक नाही म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतला, मग या फुकटच्या टूलवर काय भरवसा? आणि आकडेमोडीला तर त्याचा उपयोगच नाही.

बंदीही नको वाटते. गोंदियाकडचा, मराठी माध्यमातून आलेला एक पोरगा इंग्रजी पुस्तकातलं प्रकरण रात्री एआयकडून मराठीत समजून घेतो. पहिलं वर्षभर गप्प बसायचा, आता प्रश्न विचारतो.

व्हायव्हा (तोंडी परीक्षा) घ्यावा तर प्रत्येकी पाच मिनिटं धरून पाच तास जातात, आणि हातात दोन तासांचं एक प्रॅक्टिकल. कुणी दुसरं काही करून पाहिलंय का?

प्रतिसाद १
सर, व्हायव्हा सोडा. असाइनमेंट परत देताना दहा मिनिटांचा कागद घ्या, मोबाइल बॅगेत. प्रश्न एकच: तुमच्याच उत्तरात सळई एफई ४१५ केली तर कोणत्या ओळी बदलतील आणि का? समजून केलेलं असेल तर तो लिहितो, मग एआयकडून समजलेलं का असेना. मी थर्मोडायनॅमिक्सला हेच करतो. गुण कागदाला, असाइनमेंट फक्त जमा केल्याची नोंद. ‘का’ मात्र विसरू नका, नाहीतर शेजारच्याचं बघून ओळी टिपतात.

धागाकर्ता
हे जमेल, शुक्रवारीच घेतो. पण आधी सांगितलं नसताना त्या २३ जणांचे गुण आता कापायचे का?