जागेवर बागेचं आरक्षण, डीपीला (शहराच्या विकास आराखड्याला) १० वर्षं उलटून गेली, आता काय करायचं?

खाडीकाठ: वडिलांच्या नावावर १४ गुंठे आहे, नगरपालिकेच्या डीपीत बागेचं आरक्षण पडलंय. डीपी २०१२ चा, तेव्हापासून ना बाग झाली ना मोबदला मिळाला, बांधकाम परवानगीला गेलो की परत पाठवतात, गिऱ्हाईक झोन दाखला बघूनच मागे फिरतं. आता म्हणतात सुधारित डीपीत बघू. थांबावं का?

मोजणीवाला: अजिबात थांबू नका. एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायदा १९६६, कलम १२७. अंतिम डीपी अंमलात आल्याच्या तारखेपासून १० वर्षांत जागा घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, सोबत मालकीचे कागद जोडायचेच. नोटीस पोचल्यापासून २४ महिन्यांत जागा घेतली नाही किंवा संपादन सुरूच केलं नाही तर आरक्षण रद्द होतं (आधी मुदत ६ महिने होती, मग १२, २०१५ ला २४ केली, मालकाने किती वाट बघायची याला काही धरबंदच राहिला नाही). आणि नुसता सभेत ठराव केला म्हणजे संपादन सुरू झालं असं होत नाही, सुप्रीम कोर्टाने गिरनार ट्रेडर्स केसमध्ये २००७ लाच सांगितलंय.

वकिलीण_ताई: सुधारित डीपीची वाट बघणं तर सगळ्यात धोक्याचं. तुम्ही नोटीस दिलेली नसताना नवा डीपी लागू झाला आणि त्यात तेच आरक्षण राहिलं तर १० वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजतात, पुण्याच्या एका केसमध्ये सुप्रीम कोर्टाने असंच धरलंय. नोटीस आवक-जावकला देऊन शिक्क्याची पोच घ्या.

मैदान_हवं: कायदा बरोबर आहे पण आरक्षण गेलं की शेजारच्या जागेवर जे चालतं ते तिथे चालणार, म्हणजे बिल्डिंगच, आमच्या वॉर्डात पोरांना खेळायला रस्ता सोडून काही उरलं नाही. टीडीआर (जागेच्या बदल्यात मिळणारा, बिल्डरला विकता येणारा बांधकामाचा हक्क) घेऊन जागा पालिकेला देता येते, तेही विचारून बघा.

खाडीकाठ: बाग झाली तर आम्हालाही आनंदच आहे हो, पण फुकट कशी देणार, तेवढीच एक जागा आहे. आमच्याकडे टीडीआर घ्यायला बिल्डरच नाहीत. सातबाऱ्यावर आत्याचंही नाव आहे, तिची सही लागेल का?

वकिलीण_ताई: घ्याच. सहहिस्सेदार सगळे एकाच नोटिशीत आले की मालकीवरून खुसपट काढायला जागा राहत नाही. ताजा सातबारा, फेरफार, मोजणी नकाशा आणि डीपीचा भाग नकाशा जोडा.