२५–४० रीड्स (सिक्वेन्सिंग यंत्राने वाचलेले जनुकीय तुकडे) दिसले तर रोप विषाणूबाधित धरायचं का?

पर्णिका:
केळीच्या ऊतिसंवर्धित रोपांची विषाणू-तपासणी. एकूण आरएनए घेऊन रायबोसोमल आरएनए काढला, २४ नमुने एकाच रनमध्ये. इंडेक्सच्या (कुठला तुकडा कुठल्या नमुन्याचा ते सांगणाऱ्या खुणांच्या) जोड्या ८ आय७ × ३ आय५, म्हणजे तुकड्याच्या दोन टोकांना एकेक खूण. ७ नंबरमध्ये सीएमव्हीचे (काकडी मोझॅक विषाणूचे) ४ लाख रीड्स, तिथे वाद नाही. पण आणखी १० नमुन्यांत २५ ते ४० रीड्स आहेत, उरलेल्या १३ मध्ये शून्य. बीएसव्ही (केळीचा स्ट्रीक विषाणू) तर जवळपास सगळीकडे थोडा थोडा. रुग्णांच्या सीएसएफमध्ये (मेंदू-मणक्याभोवतीच्या द्रवात) ३ रीड्सवर विषाणू 'आढळला' म्हणतात, मग ही रोपं बादच करायची का?

अडाप्टर:
हे बहुतेक इंडेक्स हॉपिंग, म्हणजे एका नमुन्याची खूण दुसऱ्याच्या तुकड्याला लागणं. लायब्ररीत (सिक्वेन्सिंगसाठी तयार केलेल्या नमुन्यात) उरलेले मोकळे अडाप्टर (इंडेक्स असलेले जोडतुकडे) पूल केल्यावर, म्हणजे सगळ्या लायब्रऱ्या एकत्र मिसळल्यावर, दुसऱ्याच्या तुकड्यांना लागतात. पॅटर्न्ड फ्लोसेलवर (ठरावीक जागी सूक्ष्म खड्डे असलेल्या सिक्वेन्सिंगच्या काचेवर) ०.१ ते २ टक्के रीड्स असे भरकटतात. ४ लाखांचा ०.१ टक्का म्हणजे ४००.

आता चौकट मांडा: ७ नंबरशी आय५ सामाईक असलेले नमुने ७, आय७ सामाईक असलेले २. ते ४०० यांच्यात वाटले की प्रत्येकी ४४ च्या आसपास, म्हणजे आकडा जुळतो. पण बेरीज ९ होते आणि तुमचे नमुने १०. एक तरी वेगळ्या वाटेने आलाय, इंडेक्सची शीट उघडून तो शोधा.

पुढच्या वेळी युनिक ड्युअल इंडेक्स (प्रत्येक नमुन्याला दोन्ही खुणा स्वतंत्र) वापरा. भरकटलेला रीड मग कुठल्याच जोडीत बसत नाही. १२०–१३० बेसजवळचं डायमरचं (एकमेकांनाच चिकटलेल्या अडाप्टरचं) शिखर जाईपर्यंत बीड्सने (चुंबकीय मण्यांनी) सफाई करा. लायब्रऱ्या उणे २० ला वेगवेगळ्या ठेवा, पूल रनच्या तोंडावर.

कंदमूळ:
बीएसव्हीचं दुखणं निराळं. केळीच्या 'बी' (B) नावाच्या जनुकसंचातच या विषाणूचे तुकडे रुतलेले असतात. एएबी किंवा एबीबी जात (म्हणजे 'बी' जनुकसंच असलेली) असेल तर आरएनएमध्ये उरलेला डीएनएसुद्धा रीड्स देतो. डीएनेज (डीएनए तोडणाऱ्या विकराची प्रक्रिया) नीट झालं का ते आधी पाहा. मग रोलिंग सर्कल अ‍ॅम्प्लिफिकेशन करा: सुटा विषाणू वर्तुळाकार असल्याने वाढतो, रुतलेला तुकडा नाही. दुर्लक्ष मात्र नको, ऊतिसंवर्धनाच्या ताणाने काही संकरित जातींत हे तुकडे जागे होतात.

सीएसएफ_बेंच:
'३ रीड्स' हे अर्धंच वाक्य आहे. विषाणूसाठी रीड्स जनुकसंचाच्या ३ वेगवेगळ्या, एकमेकांवर न येणाऱ्या भागांतले लागतात. जिवाणूंसाठी १० लाख रीड्समागचं प्रमाण त्याच रनमधल्या कोऱ्या (रुग्णाचं काहीच न घातलेल्या) नमुन्याच्या निदान १० पट धरतात, कारण राल्स्टोनिया किटमधून येतो आणि क्युटिबॅक्टेरियम हाताच्या कातडीवरून. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या लेप्टोस्पायरा या जिवाणूच्या निदानात ३०,६३,७८४ पैकी ४७५ रीड्सच होते, पण तो जंतू किटमधला नेहमीचा पाहुणा नाही.

तुमच्या यादीत कोरा नमुना दिसतच नाही! आरएनए काढण्यापासून तो सोबत न्या. लायब्ररीच्या मोजणीत तो शून्य आला तरी पूलमध्ये टाका.

पर्णिका:
शीट लावली. वेगळा निघाला तो १९ नंबर, इंडेक्सच्या चौकटीत ७ च्या ना ओळीत, ना स्तंभात. प्लेटवर मात्र ७ च्या शेजारच्याच खड्ड्यात होता.

अडाप्टर:
मग शिंतोडा असू शकतो, पण आत्ताच तसं धरू नका. १९ चं ताजं पान घेऊन आरएनए नव्याने काढा आणि आरटी-पीसीआर करा. जुन्या आरएनएवर केलात तर शिंतोडाही पॉझिटिव्हच येईल. निकाल येईपर्यंत ते रोप वेगळं ठेवा.