जवळ घेतल्याने भीती वाढत नाही

गडगडाट सुरू झाला की तुमचा लॅब्राडोर कुत्रा पलंगाखाली शिरतो आणि घरचे म्हणतात जवळ घेऊ नका, लाडाने अजून घाबरेल. प्लीज हे ऐकू नका! भीती ही काही सवय नाहीये, जवळ घेतल्याने ती वाढत नाही. तो येऊन चिकटला तर खुशाल बसू द्या, फक्त पलंगाखालून ओढून काढू नका आणि ओरडू तर अजिबातच नका.

आमची गावठी कुत्री आहे, पुण्यात मे महिन्यात वळीव यायच्या आधीच, आपल्याला काही ऐकूसुद्धा येत नसतं तेव्हा ती धापा टाकायला लागते, लाळ गळते आणि फरशीवर तिच्या पंजांचे ओले ठसे उमटतात (कुत्र्यांना पंजांना घाम येतो ना). आम्ही बाथरूममध्ये तिची गोधडी टाकतो, दार उघडंच ठेवतो, बाहेर पंखा फुल आणि टीव्ही चालू. निम्मा फरक तिथेच पडतो.

भीती हळूहळू कमी करायची असेल तर गडगडाटाचं रेकॉर्डिंग अगदी हळू आवाजात लावून सोबत चिकनचे तुकडे द्यायचे, आवाज हळूहळू वाढवायचा, पण हे हिवाळ्यात सुरू करा, ऐन पावसाळ्यात नको.

एवढं करूनही फारच थरथरत असेल तर व्हेटला विचारा, ट्रॅझोडोन, गॅबापेंटिनसारखी औषधं असतात, पण माणसांच्या गोळ्या मनाने देऊ नका. आणि गळ्यात नंबरचा टॅग हवाच, घाबरलेला कुत्रा दार उघडं दिसलं की सुसाट पळतो.