फोटोवर भलताच रंग चढला की आधी दोष कॅमेऱ्याला का?

मासुंदा_काठ

ठाण्यातल्या आमच्या फोटोग्राफीच्या ग्रुपवर एका नव्या मित्राने लग्नाचे फोटो टाकले. हळदीत नवरीचा चेहरा राखाडी-निळसर. हॉलमध्ये ट्यूबखाली उभे असलेले पाहुणे हिरवट. उपवन तलावाच्या काठावर भर दुपारी लेन्सवर गडद एनडी फिल्टर लावून काढलेल्या फोटोत नवरदेवाचा काळा कोट चक्क तपकिरी. दुरुस्तीवाल्याने सांगितलं, सेन्सर गेला, बदलावा लागेल. ग्रुपवर काहींनी ते लगेच मान्य केलं, बाकीच्यांनी "रॉमध्ये काढत जा, नंतर सगळं सुटतं" म्हणून विषय मिटवला (रॉ म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची फाइल).

मला हे दोन्ही सल्ले पटत नाहीत, म्हणून हा धागा. सेन्सर बिघडला असता तर तिन्ही ठिकाणी एकाच जातीचा दोष दिसला असता. इथे रंग तीन आहेत, तर कारणंही वेगवेगळी शोधायला हवीत.

हळदीचं घ्या. चौकटीतल्या सगळ्या रंगांची सरासरी राखाडीच्या आसपास येते, असं ऑटो व्हाइट बॅलन्स (प्रकाशाचा रंग ओळखून तो फोटोतून काढणारी कॅमेऱ्याची सोय) ढोबळमानाने धरून चालतो. आजचे कॅमेरे याहून बरीच हुशारी करतात, पण मूळ अडचण उरतेच. पिवळा मांडव, पिवळी साडी, झेंडूच्या माळा, गालावर हळद, एवढं पिवळं एकत्र आलं की कॅमेऱ्याला वाटतं प्रकाशच पिवळा आहे, आणि तो चित्रात निळा वाढवत जातो. पण दुसरी शक्यताही आहे. पिवळ्या कापडातून गाळून आलेला प्रकाश खरोखरच पिवळा असतो. फरक ओळखायचा तर व्हाइट बॅलन्स 'डेलाइट'वर ठेवा, नवरीच्या गालाजवळ ग्रे कार्ड (रंग मोजायचं राखाडी कार्ड) धरा आणि एक फोटो काढा. कार्ड राखाडीच आलं तर प्रकाश स्वच्छ आहे आणि ऑटो फसला होता. मग डेलाइटवरच ठेवून पुढे काढत राहा. कार्ड पिवळं आलं तर कापड रंग टाकतंय. मग त्या कार्डावरून कस्टम व्हाइट बॅलन्स घ्या, नाहीतर पाट मांडवाच्या कडेला, उघड्या आभाळाकडे सरकवा. कार्डाऐवजी झेरॉक्सचा पांढरा कागद वापरू नका. त्यात चकाकीसाठी घातलेली रसायनं अतिनील किरण शोषून निळा प्रकाश सोडतात, त्यामुळे उन्हात मोजमाप चुकतं.

ट्यूबचा हिरवा रंग पाऱ्याच्या वाफेतून येतो. तिच्या प्रकाशात ५४६ नॅनोमीटरला हिरवी रेषा ठळक असते. केल्विनचा, म्हणजे व्हाइट बॅलन्समधला प्रकाशाच्या रंगाचा, आकडा कितीही फिरवला तरी ती जात नाही, कारण केल्विन निळ्या-पिवळ्या दिशेचा आहे. हिरव्या-जांभळ्या दिशेचा टिंट वेगळा हलवावा लागतो.

आणि तो कोट. बरीचशी काळी सिंथेटिक कापडं इन्फ्रारेड चांगलंच परावर्तित करतात. साधा एनडी फिल्टर डोळ्यांना दिसणारा प्रकाश अडवतो, इन्फ्रारेड मात्र बऱ्यापैकी आत सोडतो. फिल्टर जितका गडद, तितका हा दोष मोठा. लायका एम८ या २००६ च्या महागड्या कॅमेऱ्यात तर फिल्टर न लावताही काळी कापडं जांभळट येत, आणि कंपनीला ग्राहकांना इन्फ्रारेड अडवणारे फिल्टर द्यावे लागले होते.

माझं म्हणणं असं: आधी प्रकाश तपासा, मग फिल्टर, मग सेटिंग, मग स्क्रीन, आणि सेन्सर सगळ्यात शेवटी. आणि जे जागेवर सुटतं ते घरी नेऊ नका.

रॉवाला_कळवा

शेवटच्या वाक्याला सपशेल असहमत. हळदीला चार जणी एकदम हळद लावायला येतात, मामी मध्येच नवरीला ओवाळते, कोणीतरी पाणी ओततं. तिथे गालाजवळ कार्ड धरून उभं राहायला सवड कोण देतं? तेवढ्यात आईच्या डोळ्यांतलं पाणी निसटलं तर ते परत मिळत नाही. रंग परत मिळतो.

रॉ फाइलमध्ये व्हाइट बॅलन्स ही नुसती नोंद असते, सेन्सरने टिपलेले आकडे आहेत तसेच राहतात. जेपेगमध्ये तोच रंग पक्का होतो आणि दर रंगाला ८ बिट, म्हणजे २५६ पायऱ्या उरतात. १४ बिटांच्या रॉमध्ये त्याच पायऱ्या १६,३८४ असतात. एक फोटो नीट करायचा आणि त्याची सेटिंग त्याच प्रकाशातल्या बाकीच्यांना लावायची. लग्नाचं काम करणाऱ्याला हाच मार्ग परवडतो. ग्रे कार्ड स्टुडिओत ठीक आहे.

मासुंदा_काठ

दादा, रॉ काढू नका असं मी म्हटलेलंच नाही. मीही रॉच काढतो. पण "नंतर सगळं सुटतं" यातल्या "सगळं" या शब्दाला माझी हरकत आहे.

एका गालावर खिडकीचा ५५०० केल्विनचा उजेड आणि दुसऱ्यावर २७०० चा पिवळा बल्ब असेल, तर घरी कोणता एक आकडा लावाल? एक गाल सुधारला की दुसरा बिघडतो. मग ब्रशने एकेक चेहरा रंगवत बसायचं. संगीताच्या निळ्या एलईडीत चेहऱ्याचा निळा चॅनल (लाल, हिरवा, निळा यांपैकी निळ्याचे आकडे) वरच्या टोकाला जाऊन कापला गेला असेल, तर तिथला तपशील रॉमध्येही नाही. त्याच प्रकाशात लाल जवळजवळ नसतोच. व्हाइट बॅलन्स म्हणजे शेवटी दर चॅनलला गुणणं. जिथे लाल नाही तिथे गुणून नुसता नॉइज (दाणेदारपणा) वाढतो. या गोष्टी जागेवरच सुटतात: पडदा ओढा, बल्ब बंद करायला सांगा, फ्लॅशला नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक कागद) लावून तो बल्बच्या जातीचा करा आणि कॅमेरा ३२०० वर ठेवा.

मांडव_आणि_लाइट

मी घणसोलीत डेकोरेशन आणि लाइटचं काम करतो. फोटोग्राफर नाही, पण "तुमच्या लाइटमुळे फोटो खराब आले" हे माझ्या माणसांना नेहमी ऐकावं लागतं, म्हणून लिहितो.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. चोक असलेली जुनी ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते. तिच्या आतल्या पावडरींपैकी काही लवकर विझतात, काही उशिरा, म्हणून प्रत्येक उघडझापेत तिचा रंगही थोडा बदलतो. तुम्ही १/५०० सेकंदाच्या शटरने फोटो काढला तर त्या फेरीचा एक तुकडा पकडता. म्हणूनच ओळीने काढलेल्या चार फोटोंत एक हिरवट, एक पिवळट, एक बरा असं होतं. १/१०० किंवा १/५० ठेवा, पूर्ण फेरी मिळते आणि रंग स्थिरावतो. काही कॅमेऱ्यांत यासाठी अँटी-फ्लिकर असतं, ते चालू करा.

स्टेजच्या रंगीत एलईडी पारचं (डब्यासारख्या झोताच्या दिव्यांचं) गणित वेगळं. त्यात लाल, हिरवे, निळे दिवे वेगवेगळे असतात आणि मंद करताना ते फार झपाट्याने चालू-बंद होतात. तिथे १/१०० ची खात्री नाही. फोटोत रंगीत पट्टे आले तर माझ्या माणसाला सांगा, तो दिवे पूर्ण तेजावर नेईल. त्याच पारमधून "पांढरा" मागितला की लाल-हिरवा-निळा मिसळून दिलेला पांढरा मिळतो. डोळ्याला चालतो, कातडीला चालत नाही. समोरून चेहऱ्यावर टाकायला वॉर्म व्हाइटचा वेगळा दिवा असतो. तो आम्ही लावू शकतो, पण तो कोणी मागत नाही. फोटोग्राफर येतो ते कार्यक्रम सुरू व्हायच्या वेळी. एक तास आधी या, बोला, आणि मग तक्रार करा.

रॉवाला_कळवा

दादा, शटरचा मुद्दा पूर्ण मान्य. पट्टे आलेला फोटो रॉमध्ये सुधारत नाही. तास आधी येण्याचंही मान्य. पण हळदीतल्या कार्डाबद्दल माझं मत तेच आहे.

नेरुळची_खाडी

लग्नाबाहेरचं बोलते. मी नेरुळच्या डीपीएस तलावावर आणि खाडीकाठी रोहितांचे (फ्लेमिंगोंचे) फोटो काढते. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, तेव्हापासून काठावर कॅमेरे वाढलेत आणि रंगांची तक्रारही. चौकटभर गुलाबी थवा आला की ऑटो व्हाइट बॅलन्स गुलाबी दाबायला जातो, पाणी हिरवट होतं आणि पक्षी धुतल्यासारखे दिसतात.

धागाकर्त्यांचं निदान बरोबर, पण उपाय इथे चालत नाही. चिखलापलीकडच्या पक्ष्याजवळ कार्ड कसं धरणार? मी सरळ ५५०० ला अडकवून ठेवते आणि सकाळच्या धुरकट हवेचा पिवळेपणा तसाच येऊ देते. पुढे तो काढतानाही हात आखडता ठेवते. इथे रंग ही माहिती आहे. लहान रोहित आणि मोठा रोहित या दोन वेगळ्या जाती: लहानाची चोच गडद लाल, मोठ्याची गुलाबी आणि टोकाशी काळी. पिल्लं राखाडी-तपकिरी असतात, गुलाबी रंग पुढे खाण्यातून चढतो. कोणी एडिटिंगमध्ये सगळा थवा सारखा गुलाबी केला की त्या फोटोवरून वय सांगता येत नाही. चुकीचा कास्ट (फोटोवर चढलेला रंग) राहिला तर निदान तो सगळ्या चौकटीवर सारखा असतो. हाताने केलेली दुरुस्ती मात्र निवडक असते आणि मला तिचाच जास्त धोका वाटतो.

मासुंदा_काठ

ताई, एकदम मान्य. कार्ड शक्य नसेल तिथे एक ठरावीक आकडा धरून ठेवणं हेच जागेवर सोडवणं आहे.

छपाई_कोपरखैरणे

स्क्रीनचा मुद्दा यादीत चौथा ठेवलात, मी तो पहिला ठेवीन. मी प्रिंटिंगच्या कामात आहे. "अल्बम निळा छापलात" म्हणून गिऱ्हाईक येतं आणि त्याच्या फोनवर रात्रीचा डोळे-सांभाळू मोड चालू असतो. पिवळ्या केलेल्या स्क्रीनपुढे बरा प्रिंटही निळाच दिसणार. एडिटिंग करणाऱ्यांच्या लॅपटॉपवर हेच होतं: पिवळ्या स्क्रीनवर फोटो "नीट" केला की फाइलमध्ये निळा भरला जातो. फाइल अॅडोब आरजीबी या रंगांच्या प्रोफाइलमध्ये असेल आणि प्रोफाइल न समजणाऱ्या अॅपमध्ये उघडली, तर ती फिकी, मरगळलेली दिसते, आणि लोक त्यालाही कास्टच म्हणतात. कॅमेऱ्याला हात लावण्याआधी तोच फोटो दुसऱ्या दोन स्क्रीनवर बघा.

वसुधा_पाचपाखाडी

मला मूळ गृहीतकच मान्य नाही. हळदीच्या मांडवात प्रकाश पिवळा होता तर फोटो पिवळा का नको? राखाडी कार्ड राखाडी दिसलंच पाहिजे हा नियम कोणी केला? माझ्या बहिणीच्या लग्नाचा अल्बम एका फोटोग्राफरने इतका "शुद्ध" करून दिला की मांडव, दुपार, हळद काहीच त्यात राहिलं नाही. सगळे जण ऑफिसात उभे असल्यासारखे दिसतात. आईने तो अल्बम एकदा पाहून ठेवून दिला.

दिवाळी पहाटेला तलावपाळीवर पणत्यांच्या उजेडात काढलेला फोटो पांढरा करून दाखवणं मला खोटं वाटतं. पणतीच्या ज्योतीचा रंग २००० केल्विनच्या आसपास, तो नारिंगी दिसतो म्हणून तर आपण तिथे जातो.

येऊरची_वाट

वसुधाताईंशी निम्मा सहमत. पावसाळ्यात येऊरला झाडांच्या छताखाली प्रकाश पानांतून गाळून हिरवा होऊन येतो. रानाचा फोटो असेल तर मी तो हिरवा राहू देतो, काढला तर रानाची ओलच जाते. पण त्याच जागी जोडप्याचे फोटो काढा, चेहरे आजारी दिसतात. टिंट जांभळ्याकडे नेला की चेहरे सुधारतात आणि मागची पानं मरतात. मी त्यांना दहा पावलं पुढे, आभाळ दिसेल अशा मोकळ्यात आणतो, रान मागे ठेवतो. दोन्ही रंग आपापल्या जागी राहतात. त्यामुळे कास्ट ठेवायचा की काढायचा हे आधी ठरवा, आणि मग कुठे उभं राहायचं ते.

मासुंदा_काठ

वसुधाताई, पणतीचा नारिंगी मीही काढत नाही. पण ज्या फोटोवरून हा वाद सुरू झाला त्यात हळद पिवळी राहिलेली नव्हती, ऑटोने चेहरा निळा केला होता. तुम्हाला हवा तो पिवळा टिकवायलाही आधी ऑटोच्या हातून सुटावं लागेल. तो किती टिकवायचा यावर आपलं जुळणार नाही. कातडीला कातडीचा रंग असावा, यावर मी ठाम आहे.

वसुधा_पाचपाखाडी

ऑटोबद्दल मान्य. कातडीबद्दल नाही. हळद लागलेल्या कातडीचा त्या दिवशीचा रंग हळदीचाच असतो.

मासुंदा_काठ

राहिला तो मित्र आणि त्याचा सेन्सर. सेन्सर खरंच जातात. २००५ मध्ये सोनीने बनवलेल्या काही सीसीडींमध्ये दोष निघाला होता. ते वेगवेगळ्या कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत बसवलेले होते आणि चित्र जांभळं, वेडंवाकडं किंवा पूर्ण काळं येई. उष्ण, दमट हवेत तो दोष जास्त उद्भवे. आपली हवा तशीच आहे, म्हणून ही शक्यता मी उडवून लावत नाही. पण तो दोष प्रकाश बदलला तरी राही.

त्यामुळे मित्राला एवढंच सांगितलंय. सकाळी दहाच्या सुमारास गच्चीवर उघड्या उन्हात ग्रे कार्ड ठेव. फिल्टर काढ. व्हाइट बॅलन्स डेलाइट, आणि मेनूतला व्हाइट बॅलन्स शिफ्ट शून्यावर आहे का ते बघ. तो चुकून सरकलेला असला तर सगळ्या फोटोंवर एकच रंग चढतो. शटर १/२५०. एक रॉ फाइल. मग लेन्स बदलून दुसरी. दोन्हींत कार्ड राखाडी आलं तर दुरुस्तीवाल्याला पैसे द्यायचे नाहीत. दोन्हींत रंग चढला, पट्टे आले, तर कॅमेरा अधिकृत केंद्रात न्यायचा. एकाच लेन्सवर चढला तर ती लेन्स बाजूला ठेवायची.

रविवारी तो फाइली देणार आहे. छपाईवाले काका, तुमच्या कॅलिब्रेट केलेल्या स्क्रीनवर बघून द्याल का?

छपाई_कोपरखैरणे

पाठवा. मूळ रॉच पाठवा. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून.